पिशोत्ताच्या धक्क्यावर

"हय कोण येना नाय, भाऊ," अंकुश म्हणाला आणि त्याने गाडी रस्त्याच्या कडेला लावली. "लोक थय मागेच उतरतत. देवळां बघतत, फोटो काढतत, परत जातत."

मागे म्हणजे पेस्तुमला. सकाळी सालेर्नोहून निघाल्यावर तासाभरात ती ग्रीक देवळं लागली होती. बसगाड्यांची रांग होती, रंगीत छत्र्या उंच धरलेले मार्गदर्शक होते. मी खिशातलं पुस्तक काढून देवळांचं पान शोधेपर्यंत अंकुश ती ओलांडून पुढेही आला होता. आता आम्ही उभे होतो त्या जागेचं नाव माझ्या पुस्तकात नव्हतंच. नकाशात इटलीचा बूट दिसतो, त्याच्या नडगीवर कुठेतरी. चिलेन्तोचा किनारा, एवढंच तो म्हणाला. डोंगर थेट समुद्रात उतरलेला, उतारावर जाड बुंध्यांची जुनी ऑलिव्हची झाडं, आणि खाली पाणी इतकं गप्प, की आमच्या मालवणच्या माणसाला तो समुद्र आहे हे पटायला वेळ लागावा.

"हेका भरती-ओहोटी नाय," अंकुश म्हणाला. "असली तर बोटभर. पयल्या वर्षी माका झोप येय नाय. दर्या जाग्यावरसून हालना नाय म्हणजे काय?"

"आणि आता?"

"आता काय. माणूस कसलीय सवय करून घेता."

माझा हा धाकटा भाऊ एकोणसत्तर साली बोटीवर गेला. चार वर्षांनी नेपल्सला उतरला तो पुन्हा बोटीवर चढलाच नाही. सालेर्नोला एका यार्डात मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करायला लागला, तिथेच रोझारियाशी लग्न केलं. या सगळ्या वर्षांत त्याची मालवणी जशीच्या तशी राहिली होती. बायकोशी बोलताना तो हात उडवत बोलणारा कुणी परका माणूस वाटायचा. माझ्याकडे वळला की आमच्या वाडीतला सव्वीस वर्षांचा अंकुश. मी मात्र गाव न सोडता माझी मालवणी घालवून बसलो होतो. तालुक्याच्या वाचनालयात पस्तीस वर्षं ग्रंथपाल होतो, त्यात पुस्तकी बोलायची सवय लागली. आई म्हणायची, ह्याच्याशी बोलायचं म्हणजे आधी तोंड धुऊन यावं लागतं.

आणि मी तिथे आलो होतो ते आईचं काम घेऊन. तिकीट अंकुशने पाठवलं होतं, निवृत्त झालास, आता एकदा येऊन जा म्हणून. मी निघालो तेव्हा आई खाटेवर बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची. डाव्या डोळ्याने दिसेनासं झालं होतं आणि उजवा वर्षभर टिकेल असं डॉक्टर म्हणाले होते.

"तेका घेऊन ये," ती म्हणाली. "उजवो डोळो आसा तोपर्यंत."

सात दिवसांपैकी सहा गेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी माझं विमान होतं आणि मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

लाजाळूपणा हा एक भाग झाला. दुसरा भाग जुना होता. त्र्याहत्तर साली अंकुशचं लग्नाचं पत्र आलं तेव्हा बाबांनी उलट टपाली उत्तर पाठवलं. 'या घरात पुन्हा तोंड दाखवू नये.' बाबांना लिहिता येत नव्हतं. मजकूर त्यांचा, अक्षर माझं. शुद्धलेखनासाठी मी ते पत्र पुन्हा एकदा वाचूनही पाहिलं होतं. बाबा अठ्ठ्याऐंशी साली गेले. मी तार केली, ती उशिरा पोचली. पुढे घरी फोन आला तेव्हापासून अंकुश दर रविवारी आईशी बोलायचा. पण 'ये' असं त्याला घरातल्या कुणीच म्हटलं नव्हतं, आणि न बोलावता येणाऱ्यांतला तो नव्हता. हे मला ठाऊक होतं. आईलाही ठाऊक होतं, म्हणून तर तिने मला पाठवलं होतं.

पिशोत्ताच्या बंदरावर आम्ही अकराच्या सुमारास उतरलो. बंदर म्हणजे एक दगडी धक्का, दहा-बारा होड्या आणि पाण्याला लागून घरांची एक ओळ. अंकुशला सगळे ओळखत होते. एकाने होडीतूनच हाक मारली, दुसऱ्याने इंजिनाचा आवाज तोंडाने काढून दाखवला आणि दोघं हसले.

"हेचा इंजिन माझ्यापरीस म्हातारा," अंकुश मला म्हणाला. "सतरांदा सांगलंय, आता बुडव तेका. आयकना नाय."

कार्मेला नावाच्या एका म्हातारीकडे आम्ही जेवलो. मांदेलीएवढी मासळी असते, ती हे लोक उन्हाळ्यात धरतात आणि मातीच्या बरण्यांत मिठाचा थर, मासळीचा थर अशी भरून ठेवतात. तिने एक बरणी उघडून दाखवली. वासाने मला एकदम आमचा मालवणातला दांडीचा किनारा आठवला. पहिलं ताट मी संपवलं आणि ती पुन्हा वाढायला आली तेव्हा मी हाताने नको म्हटलं. तिने माझा हात बाजूला सारला आणि वाढलं.

"हय असाच," अंकुश म्हणाला. "नको म्हटल्यार कोण आयकता?"

मी हसलो. पुस्तकात वेगळं लिहिलं होतं. परदेशी जाणाऱ्यांसाठी बघायच्या जागा आणि रीतीभाती सांगणारं ते पुस्तक मी वाचनालयातूनच आणलं होतं आणि विमानात दोनदा वाचलं होतं. त्यातलं एक वाक्य मला फार पटलं होतं. युरोपातल्या माणसाने नाही म्हटलं की विषय संपवावा, पुन्हा विचारणं हा त्याच्या निर्णयाचा अपमान समजला जातो. मला आयुष्यभर आग्रहाची भीती वाटत आली आहे, करायचीही आणि करून घ्यायचीही. असा एखादा देश आहे हे वाचून बरं वाटलं होतं. कार्मेलाने ते वाक्य माझ्या डोळ्यांदेखत खोटं पाडलं, तरी मी छापलेल्यावरच विश्वास ठेवला.

जेवण झाल्यावर आम्ही धक्क्याच्या टोकाला जाऊन बसलो. अंकुशने कार्मेलाकडून ओंजळभर अंजिरं आणली होती. एक मला दिलं, एक स्वतः सोलत बसला. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो आणि पुन्हा मोडत होतो.

"आईने तुला बोलावलंय," मी शेवटी म्हणालो.

त्याचा हात थांबला.

"कोणी?"

"आईने. माझ्याबरोबर चल म्हणाली. तिला आता फारसं दिसत नाही. वर्षभराने तेही नाही दिसणार."

अंकुशने अंजिर खाली दगडावर ठेवलं. हात पाण्यात बुडवून धुतले, विजारीला पुसले. मग समुद्राकडे बघत म्हणाला, "नको रे भाऊ. आता कित्या."

आता कशाला. मी पुढे काहीतरी बोलायला हवं होतं. तो बोलत नव्हता, उठतही नव्हता. एक होडी इंजिन फडफडवत बंदरात आली, बांधून झाली, तिच्यातला माणूस जाळं खांद्यावर टाकून आमच्या मागून निघून गेला. एवढा वेळ अंकुश तसाच बसून होता.

मी का बोललो नाही, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. पुस्तकातलं वाक्य डोक्यात होतं हे खरं. बत्तीस वर्षं परदेशात काढलेला माणूस, याने नको म्हटलं म्हणजे नको, असं मला वाटलं. पण त्याच्या खाली आणखी एक होतं आणि ते सांगितल्याशिवाय ही हकिगत पुरी होणार नाही. बाबा गेल्यापासून आईचं सगळं मी करत होतो. माझं लग्न झालं नाही, ते का, हा इथला विषय नाही. मी पेज गाळून वाढायचो आणि आई पहिला घोट घेऊन म्हणायची, अंकुशाक पेज जाड लागायची. मी डोळ्यांत औषध घालायचो आणि ती म्हणायची, त्याच्यासारखं कुणी अलगद घालत नसे. त्याने नको म्हटल्याबरोबर माझ्या छातीतलं काहीतरी सैल झालं. ते दुःख नव्हतं.

"बरं," मी म्हणालो.

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "बरां?"

"तुझी इच्छा नसेल तर मी तुला भरीला घालणार नाही."

"लय शिकलंस तू, भाऊ," तो म्हणाला आणि उठला.

परतीच्या वाटेवर त्याने दोनदा गाडी थांबवली. पहिल्यांदा एका वळणावर, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं. तो खाली उतरला, बॉनेटला टेकून उभा राहिला. मीही उतरलो.

"आये भायर येता काय अजून? खळ्यात?"

"येते. काठी धरून."

"तुळशीपर्यंत?"

"तुळशीपर्यंत येते."

त्याने बुटाने एक खडा उतारावर ढकलला. "डिसेंबरात यार्ड बंद आसता," म्हणाला. "महिनाभर काय काम नसता."

"मग तुला विश्रांती मिळत असेल," मी म्हणालो.

दुसऱ्यांदा थांबलो ते पेट्रोलसाठी असं मी समजलो, पण त्याने पेट्रोल घेतलं नाही. दोन कॉफ्या आणल्या आणि आम्ही गाडीतच बसून प्यालो. कप संपला तरी तो हातात धरून होता.

"वळखतली काय रे माका?" त्याने हसत विचारलं.

"तुझे फोटो आहेत की तिच्याजवळ."

अंकुशने कप चुरगाळला आणि गाडी सुरू केली. सालेर्नोपर्यंत तो बोलला नाही. मला वाटलं, गाडी चालवून दमला असेल.

घरी रोझारिया दारातच उभी होती. तिने त्याला एका शब्दात काहीतरी विचारलं. त्याने नाही अशी मान हलवली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग ती आत गेली आणि कपाटाचं दार बंद केल्याचा आवाज आला. रात्रीच्या जेवणात ती माझ्याशी फारशी बोलली नाही. मी उद्या जाणार म्हणून वाईट वाटत असेल, असा अर्थ मी लावला. विमानतळावर अंकुशने माझी बॅग आतपर्यंत आणून दिली, वाकून नमस्कार केला आणि गर्दीत मिसळून गेला.

मी मालवणला पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. आई खळ्यात, दारापुढच्या अंगणात बसली होती. फाटक वाजल्याबरोबर तिने मान वर केली.

"कोण? भाऊ?"

"मीच."

"एकटोच?"

मी बॅग खाली ठेवली. तिच्याजवळ जाऊन बसलो. "तो नको म्हणाला, आई."

"नको म्हणालो?" तिने पदराने तोंड पुसलं. तिला धक्का वगैरे बसलेला दिसला नाही, उलट ती जरा सावरूनच बसली, एखाद्या कामाला लागावं तशी. "म्हणताना खंय बघी होतो?"

"समुद्राकडे."

"तुझ्याकडे बघल्यान नाय?"

"नाही. नंतर बघितलं."

"मगे तू परत इचारलंस?"

तेव्हा मला कळलं. विमानात नाही, गाडीत नाही, धक्क्यावर नाही. स्वतःच्या खळ्यात, आईसमोर. आमच्या घरात कुणीही कधीही पहिल्या विचारण्याला हो म्हटलेलं नव्हतं. मासळीचा तुकडा असो की लग्नाचं बोलावणं, पहिलं नको रीत म्हणून असायचं, दुसरं समोरच्याने मनापासून विचारलंय का ते बघायला, आणि तिसऱ्यांदा माणूस जे म्हणायचा ते त्याचं खरं उत्तर. याला काही नाव नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. जन्मभर मी असाच वागत आलो होतो. आणि अंकुशही, त्या गप्प समुद्राकाठी, तसाच वागला होता.

"किती वेळां इचारलंस रे?" आईने पुन्हा विचारलं.

एकदा, असं मी म्हणायला हवं होतं. फोन आत भिंतीजवळ होता. ती उठली असती, काठी टेकत आत गेली असती, मला नंबर फिरवायला लावला असता. ती मला रागावली असती, तेवढंच. साठी उलटलेल्या माणसाला आईच्या रागाची भीती वाटावी ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण माझ्या डोळ्यांपुढे तिचा चेहरा आला, माझ्याकडे वळलेला, एक साधं काम याला जमलं नाही असं म्हणणारा. तिने ते याआधीही पुष्कळदा म्हटलं होतं.

"तीनदा," मी म्हणालो.

"तीनदा?"

"तीनदा विचारलं, आई."

ती बराच वेळ तुळशीच्या दिशेने बघत राहिली. तिला तिथे काय दिसत होतं कुणास ठाऊक.

"मगे रवांदे," ती म्हणाली. राहू दे.

त्या रविवारी अंकुशचा फोन आला. मी आईला हाक मारली. ती खाटेवर जागी होती. "झोपलंय म्हणान सांग," ती म्हणाली. मी तसं सांगितलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी अंकुशने आईला बोलव असं म्हटलं नाही, फक्त बरी आहे ना, एवढंच विचारलं. पेज पिताना आईने त्याचं नाव काढणं थांबवलं. माझ्या हातच्या पेजेबद्दल मात्र काही बोलायला लागली असं झालं नाही. ती नुसती प्यायची आणि वाडगा खाली ठेवायची.

फेब्रुवारीत ती गेली. उजव्या डोळ्याने तिला शेवटपर्यंत दिसत होतं.

अंकुश पाचव्या दिवशी दारात उभा राहिला. मी फोनवर फक्त कळवलं होतं, ये म्हटलं नव्हतं.

"मयताक बोलावणा लागना नाय," तो म्हणाला आणि आत आला.

दिवस पुरे होईपर्यंत तो माझ्याशी कामापुरतं बोलला. तेराव्या दिवशी दुपारी सगळे पांगल्यावर आम्ही दोघं मागच्या पडवीत बसलो. त्याने कोपऱ्यातली आईची काठी उचलली, मूठ निरखली, परत होती तिथे ठेवली.

"मी बॅग भरून ठेवलेली," तो म्हणाला. "तू येवच्या आधी. रोझारियान शर्टांक इस्त्री केलेली. तू आणखी एकदा इचारतलंस म्हणान मी गाडी थांबवलंय. दोनदा थांबवलंय."

"मला कळलं नाही, अंकुश."

"तुका कळूक नाय, ता मी समाजलंय. तू पयल्यापासून तसोच." तो हे रागाने म्हणाला नाही. "पण आयेक कळला असता. तिका तू काय सांगलंस?"

"तू नको म्हणालास असं."

"तिना इचारल्यान असतला, किती वेळां म्हणान."

मी जमिनीकडे बघत होतो. सारवलेल्या जमिनीवर मुंग्यांची एक रांग चालली होती.

"एकदा, असा सांगलेलं असतंस," अंकुश सावकाश म्हणाला, जणू एखाद्या इंजिनाचा बिघाड शोधत होता, "तर तेच दिवशी तिचो फोन इलो असतो. फोन इलो नाय. मी फोन केलंय तर ती घेय नाय." तो थांबला. "तीन सांगलंस?"

मी होकारार्थी मान हलवली.

तो उठला. मला वाटलं, मारेल. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं. तो विहिरीवर गेला, कळशीभर पाणी काढून तोंडावर मारलं आणि आत जाऊन कपडे भरायला लागला.

स्टँडवर कुडाळची बस लागलेली होती. मी त्याच्या मागोमाग गेलो होतो, त्याने ये म्हटलं नव्हतं की नको म्हटलं नव्हतं. बसजवळ पोचल्यावर मी म्हणालो, "अंकुश, राहा. आणखी चार दिवस राहा."

"नको," तो बसकडे बघत म्हणाला.

लोक चढत होते. कंडक्टर दारात उभा राहून तंबाखू मळत होता. मी जवळ गेलो, त्याच्या दंडाला हात लावला. आमच्यात ती पद्धत नव्हती.

"राहा रे. माझ्यासाठी राहा."

"नको, भाऊ."

मी बोलायला तोंड उघडलं. आता तो जे म्हणेल ते त्याचं खरं उत्तर असेल, एवढा एकच विचार माझ्या मनात होता. तो जर नको म्हणाला तर पुढे काही उरत नव्हतं. मी त्याच्या दंडावरचा हात काढून घेतला.

अंकुशने एक पाय बसच्या पायरीवर ठेवला आणि तसाच थांबला. पाठ माझ्याकडे होती. कंडक्टरने तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले, घंटीच्या दोरीला हात घातला, तरी तो पायरीवरच होता. मग वर चढला.

याला आता बावीस वर्षं झाली. त्याने फोन केला नाही, मी केला नाही. तो जिवंत आहे एवढं मला दुसऱ्यांकडून कळतं. त्या पायरीवर तो कशासाठी थांबला होता, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पिशवी जड होती, म्हणूनही असेल.